बाटली लावण्याआधी रक्त काढून घ्या



शिवाजी पेठेतील एका उपासिकेने आम्हास विचारले आहे : चार वर्षांच्या नातवाचा कान सारखा वाहतो, दोनदा न्यूमोनिया झाला. आता डॉक्टर इम्युनोग्लोब्युलिनची महागडी बाटली लावू म्हणतात. मग त्याआधी आणखी रक्त कशाला? लुबाडतात की काय?

लुबाडत नाहीत. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे काही मुलांच्या शरीरात तयारच होत नाहीत. आईकडून गर्भात मिळालेली शिदोरी सहाएक महिने पुरते, मग दुखणी सुरू होतात. (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही अशा वेळी ताईत बांधला जातो, हे आम्ही पाहिले आहे.) १९५२ साली अमेरिकेच्या डॉ. ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नाही हे तपासणीत ओळखले व ते बाहेरून देऊन त्याला बरे ठेवले. आधी तपासणी, मग औषध!

ही बाटली हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून बनते. दात्यांची जात तीवर लिहिलेली नसते. ती चढली की परक्यांची प्रतिपिंडे मुलाच्या रक्तात फिरतात. निम्मी कमी व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. मग मूल स्वतः काही बनवते की नाही, हे कित्येक महिने नीट कळत नाही. म्हणून आय.जी.जी., आय.जी.ए., आय.जी.एम. यांचे प्रमाण आधी मोजायचे. धनुर्वातासारखी लस देऊन, देण्यापूर्वी व चारेक आठवड्यांनी प्रतिपिंडे वाढली का तेही पाहतात. काविळीची तपासणीसुद्धा आधीच करावी. नंतर दात्यांच्या प्रतिपिंडांमुळे ती खोटीच होकारार्थी येऊ शकते आणि घर हादरते. मूल अत्यवस्थ असेल तर उपचार मात्र अडवू नयेत. रक्त काढायला दोन मिनिटे लागतात, नमुना राखून ठेवता येतो.

हे औषध पुष्कळदा जन्मभर, दर तीन-चार आठवड्यांनी लागते. वीस किलोच्या मुलाला एका वेळी साधारण ८ ते १२ ग्रॅम. हातावर पोट असलेल्या घराने हा बोजा खात्रीवाचून का उचलावा?

आधी सी.पी.आर.च्या बालरोग विभागात विचारा. गरज पडल्यास चिठ्ठी घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसने परळ गाठा. के.ई.एम.च्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या आजारांचे काम चालते. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातही के.ई.एम.ला केंद्राचा दर्जा आहे.

यातील एक प्रकार आईकडून मुलग्यांत उतरतो. त्यात तिचा काडीचा दोष नसतो. सासूबाईंनी सुनेला बोल लावू नये. निदान होईपर्यंत पोलिओचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका. आणि पहिल्या बाटलीआधीचा तो कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. दहा वर्षांनी नवा डॉक्टर तोच मागेल.