ती यादी आपल्याकडे 2010 पासून आहे

प्रति,
माननीय मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत माहितीसाठी, आणि जमल्यास उत्तरासाठी: आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका; उपाध्यक्ष, म्हाडा

महोदय,

मी घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या डोंगरावर राहते. मेट्रोने जाता-येता आपण ही वस्ती पाहिली असेल. 2018 च्या जानेवारीत काही स्वयंसेवकांनी इथल्या भिंतींना रंग दिला आणि पुढे लोक मुद्दाम फोटो काढायला येऊ लागले. रंग देणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. करतो म्हणाले, ते त्यांनी केले. माझी तक्रार त्या रंगीत भिंतींखालच्या मातीबद्दल आहे, आणि ती आपल्या अखत्यारीत येते.

आपल्याला नव्याने कळवावे असे माझ्याकडे काहीच नाही. 2010 मध्ये मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळाने शहरातल्या डोंगरउतारांची पाहणी केली. 36 पैकी 25 विधानसभा मतदारसंघांत 327 धोक्याच्या जागा निघाल्या, तिथे 22,483 झोपड्या होत्या. त्यातल्या 9,657 तातडीने हलवाव्यात आणि उरलेल्यांना संरक्षक भिंती बांधून द्याव्यात, असे मंडळाने सरकारला कळवले. 1 सप्टेंबर 2011 रोजी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी नगरविकास खात्याला कृती आराखडा करायला सांगितले. तो आराखडा कुठे आहे? त्यानंतर या खुर्चीवर कोण कोण बसून गेले याच्याशी मला कर्तव्य नाही. फाइल खुर्चीकडे येते, म्हणून मी पत्रही खुर्चीलाच लिहीत आहे.

पाहणीच्या आधी आणि नंतर काय झाले, तेही आपण जाणता. 12 जुलै 2000 रोजी इथेच, घाटकोपरच्या आझाद नगर-चिराग नगर भागात डोंगर खाली आला आणि साठहून अधिक माणसे गेली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी साकीनाक्याला दरडीखाली सत्तरच्या वर माणसे गाडली गेली. त्या दिवसाच्या आठवणींत मिठी नदी, तुंबलेल्या गाड्या आणि रात्रभर चालत घरी गेलेले नोकरदार असतात. साकीनाका फार कोणी काढत नाही. पाहणी तर या दोन्ही घटनांनंतरची. म्हणजे ती झाली तेव्हा डोंगर काय करू शकतो हे सरकारने दोनदा पाहिले होते. तरीही 18 जुलै 2021 च्या मध्यरात्रीनंतर चेंबूरच्या भारत नगरमध्ये 19 आणि विक्रोळीच्या सूर्या नगरमध्ये 10 जण मेले. 16 ऑगस्ट 2025 ला विक्रोळी पार्कसाइटच्या वर्षा नगरात एकाच घरातले दोघे. माहिती अधिकारात बाहेर आलेल्या आकडेवारीप्रमाणे 1992 ते 2021 या काळात मुंबईत दरडींनी 290 बळी घेतले. प्रत्येक वेळी मदत जाहीर करण्याइतपत यंत्रणा तत्पर आहे, हे मी मान्य करते.

आता त्या संरक्षक भिंतींबद्दल. आमच्या नगरसेवकाने, आमदाराने, खासदाराने काय काम केले असे विचारले की एखादी भिंत दाखवतात. तिच्यावर नावाची पाटीही असते. पण भिंत हा उपायाचा शेवटचा भाग आहे, आणि आपण सुरुवातच तिथून करता. या टेकड्या बेसॉल्टच्या. वरचा खडक कुजून त्याचा मुरूम झालेला, त्यावर हातभर माती. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी त्यावर पडते. झाडोरा असेल तर मुळे माती धरून ठेवतात. झाडोरा गेला की आधी ओघळ पडतात, मग ओघळांच्या घळी होतात. माती पाण्याने जड होते आणि तिची पकड सुटते. भिंतीमागे साचलेले पाणी बाहेर पडायला जी भोके ठेवलेली असतात ती गाळाने, प्लास्टिकने बुजतात, कधी कोणीतरी सिमेंट फासून बंद करते. मग भिंत मातीबरोबर पाण्याचाही भार पेलत उभी असते, आणि तेवढ्यासाठी ती बांधलेली नसते. 2019 च्या 1 जुलैच्या रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात नेमके हेच घडले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 375 मिलिमीटर पाऊस होता. जलाशयाच्या आवारभिंतीमागे पाणी साचले आणि भिंतच वस्तीवर आली. तीसच्या आसपास माणसे मेली. भिंत महापालिकेची होती आणि जुनाटही नव्हती, दोन-तीन वर्षांपूर्वीच बांधलेली होती. तेव्हा संरक्षक भिंत बांधून दिली की संरक्षण झाले, हे आम्हाला कृपया पुन्हा सांगू नये.

माती कशी धरायची हे या राज्याला ठाऊक नाही, असे म्हणायचीही सोय नाही. माझे आईवडील साताऱ्याच्या माण तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात दोघे ताली, म्हणजे शेताचे बांध, घालायच्या कामावर होते, आणि तिथले काम संपल्यावर मुंबईला आले. त्याच्याही तीस वर्षे आधी, 1942 मध्ये, मुंबई प्रांताने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला, आणि सोलापूर-नगरच्या माळांवर सरकारी देखरेखीखाली बांधबंदिस्ती सुरू झाली. पुढे रोजगार हमीवर बायामाणसांनी राज्यभर समतल चर खोदले, नाले बांधले. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार पाहायला तर परदेशातून माणसे येतात. या सरकारला मृद व जलसंधारण नावाचे स्वतंत्र खाते आहे, त्याला मंत्री आहे, सचिव आहे. मला विचारायचे आहे की या खात्याचा एखादा अभियंता कधी भांडुपच्या, विक्रोळीच्या किंवा असल्फ्याच्या डोंगरावर चढला आहे काय? की ज्या मातीत ज्वारी पिकत नाही ती माती नव्हे, असा काही शासन निर्णय आहे?

एक फरक मला कळतो, तो इथेच नोंदवते, म्हणजे उत्तरात तेवढ्यावर बोट ठेवायला नको. माणमध्ये पाणी मुरवायचे असते. इथे घरांच्या डोक्यावर पाणी मुरवणे म्हणजे दरडीला आमंत्रण. इथे माथ्यावरच ते आडव्या चराने गोळा करून पक्क्या नाळीने बाजूला न्यायचे, पायऱ्यापायऱ्यांनी वेग मोडत खाली सोडायचे, उघड्या उतारावर वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत लावायचे, जाळीतल्या दगडांचे बंधारे घालायचे, जिथे खडक सैल आहे तिथे तो खिळवून ठेवायचा, आणि भिंत सर्वांत शेवटी. शौचालयांचे पाणी आणि फुटक्या जलवाहिन्यांची गळती उतारात मुरते, ती आधी बंद करायची. वरून टाकला जाणारा राडारोडा थांबवायचा. आणि पायथा कापून टॉवर उभे करायची परवानगी देण्यापूर्वी वर कोण राहते ते पाहायचे. यातले काहीही नवे शास्त्र नाही.

जगात हे प्रश्न इतरांनाही पडले होते. 1930 च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर नांगरलेली कोरडी माती वाऱ्याने उठली आणि शेतेच्या शेते उडून गेली. ह्यू बेनेट नावाचा मृदातज्ज्ञ 1935 च्या वसंतात सिनेटच्या समितीपुढे साक्ष देत होता, त्याच सुमारास त्या धुळीचे लोट राजधानी वॉशिंग्टनपर्यंत पोचले. 27 एप्रिल 1935 रोजी मृदसंधारणाचा कायदा संमत झाला. 1950 च्या दशकात पुन्हा कोरडी वर्षे आली तेव्हा, 1956 मध्ये, त्यांनी आणखी एक योजना केली. सरकारने एकेका शेतकऱ्याशी दहा-दहा वर्षांपर्यंतचे करार करायचे, त्याच्या शेताचा आराखडा करायचा आणि खर्चाचा वाटा उचलायचा. तिथे सगळे सुरळीत झाले असा माझा दावा नाही. पण त्या कागदावर दोन सह्या असत आणि सरकारही काही करायला बांधलेले असे. आम्हाला दर मे महिन्यात मिळते ती नोटीस. घर धोकादायक आहे, खाली करा, काही झाले तर जबाबदारी तुमची. त्या कागदावर सरकार कशालाही बांधलेले नसते.

राजधानीपर्यंत धूळ पोचली म्हणून कायदा झाला असेल, तर आमचे दुर्दैव इतकेच की आमच्या डोंगराचा चिखल आपल्या वर्षा बंगल्यापर्यंत पोचत नाही. मलबार हिलचा मात्र पोचतो. ऑगस्ट 2020 च्या पावसात तिथला उतार ढासळला आणि बी. जी. खेर मार्ग खचला. तज्ज्ञ बोलावले गेले, मार्ग बंद ठेवला गेला, उताराची शास्त्रशुद्ध दुरुस्ती झाली. योग्यच झाले, मलबार हिलवरही माणसेच राहतात. त्यातून एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. या शहराकडे तज्ज्ञ आहेत, तंत्र आहे आणि पैसाही आहे. आयआयटी तर पवईला, आमच्या डोंगरांच्या कुशीतच आहे. मग सूर्या नगरला ताडपत्री आणि मलबार हिलला अभियांत्रिकी, हा निकष कोणी ठरवला?

यादी करण्यात मात्र कोणी मागे नाही. महापालिकेच्या अलीकडच्या यादीत 249 दरडप्रवण जागा आहेत, त्यातल्या 74 धोकादायक. निम्म्याहून अधिक जागा एकट्या एस विभागात, म्हणजे भांडुप-विक्रोळी पट्ट्यात. 2010 च्या 327 जागांच्या 249 कशा झाल्या? तेवढ्या सुरक्षित झाल्या, की मोजणारे बदलले? विचारायला गेले की जमीन कोणाची यावरून फेरा सुरू होतो. काही जिल्हाधिकाऱ्यांची, काही वन खात्याची, काही खासगी मालकाची, भिंत म्हाडाची, गटार पालिकेचे. मार्च 2022 नंतर तर पुढची कित्येक वर्षे विचारायला नगरसेवकही नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. दरड सातबारा पाहून कोसळत नाही. आणि या सगळ्या कार्यालयांना एका टेबलाशी बसवू शकेल असे पद राज्यात एकच आहे, ते आपले.

आम्ही बेकायदा आहोत, मग तक्रार कसली, असेही ऐकवले जाते. आमच्याकडे विजेचे मीटर आहेत, पाण्याची बिले येतात, मतदार यादीत नावे आहेत, आणि प्रचाराला आपली माणसे त्याच अरुंद पायऱ्या चढून येतात ज्यांवरून रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर उतरत नाही. डोंगरावर कोणी हौसेने घर बांधत नाही. सपाटीवरचे भाडे परवडले असते तर मीही इथे नसते. पुनर्वसनाचे नाव काढले की 2000 पूर्वीचे कोण, 2011 पर्यंतचे कोण, पात्र कोण, अपात्र कोण, हा हिशेब सुरू होतो. दरडीपुढे अपात्र कोणीच नसते, हे सरकारला एकदाही सुचू नये? आणि घर दाखवायचे तर माहुलचे, जिथली हवा माणसाच्या जिवाला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच म्हटले आहे. मरणाची जागा बदलून देणे याला पुनर्वसन म्हणत नाहीत.

ग्रामीण भागात हे सरकार वेगळे वागू शकते, हेही आम्ही पाहिले. 2014 मध्ये माळीण गाडले गेले, 2023 मध्ये इर्शाळवाडी. दोन्हीकडच्या वाचलेल्यांसाठी नवी वसाहत उभी राहिली. तिथेही माणसे मेल्यावरच घरे मिळाली. आमच्याकडे मेल्यावरही मिळत नाहीत, एवढाच काय तो फरक.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत. 2010 च्या त्या 9,657 झोपड्यांपैकी किती कुटुंबे कुठे हलवली, वॉर्डनिहाय जाहीर करा. बांधलेल्या प्रत्येक भिंतीची तपासणी कोणी, कधी केली आणि तिच्यामागचे पाणी निघते की नाही, हे त्या भिंतीवरच लिहा. नावाच्या पाटीशेजारी जागा असते. 74 धोकादायक जागांच्या उतारांचे काम एकाच अधिकाऱ्याकडे द्या आणि त्याचे नाव आम्हाला कळवा. ज्यांना हलवायचे आहे त्यांना पात्रतेचा घोळ न घालता, त्यांच्या कामधंद्याच्या टप्प्यात घर द्या. तोपर्यंत निदान संक्रमण घर किंवा भाडे द्या, आणि ते मे महिन्यात द्या, ऑगस्टमध्ये नव्हे. मृदसंधारण खात्याचे अभियंते एकदा इथे पाठवा. वाट मी दाखवीन.

यातली कोणती मागणी अशक्य आहे आणि का, हे लेखी कळवावे. पाऊस साधारण 10 जूनच्या सुमारास येतो. त्याआधी उत्तर आले तर वस्तीत वाचून दाखवता येईल.

आपली,
असल्फा, घाटकोपर (पश्चिम) येथील एक रहिवासी