छायाचित्राची साक्ष

हयात नसलेल्या व्यक्तीचा पुतळा घडवताना शिल्पकारापुढे बहुधा तिची छायाचित्रेच असतात. पुतळा पुरा झाला की तो त्यांच्याशी ताडून पाहिला जातो. नाक जुळते, भुवया जुळतात, आणि तरीही घरातले कुणी म्हणते, 'हे ते नव्हेत.' खापर शिल्पकाराच्या कौशल्यावर फुटते. माझ्या मते दोष अनेकदा छायाचित्रावरील अतिविश्वासाचा असतो.

कॅमेरा उजेड टिपतो. आकार आपण त्यातून अनुमानाने काढतो. कॅमेरा फार जवळ असेल तर नाक मोठे दिसते, कान मागे सरतात. गालावरची काळी छटा हा खळगा, दाढीचे खुंट की नुसती सावली, हे शिल्पकारालाच ठरवावे लागते. सर्व बाजूंची छायाचित्रे मिळाली तरी हा निर्णय टळत नाही. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये फ्रान्स्वा विलेम याने माणसाभोवती वर्तुळात २४ कॅमेरे मांडले आणि त्या चित्रांच्या बाह्यरेषांवरून मूर्ती घडवल्या. त्यांवरही अखेरचा हात माणसालाच फिरवावा लागे.

छायाचित्रण जन्मण्यापूर्वीच बर्निनीला हा पेच उमगला होता. १६६५ साली चौदाव्या लुईचा अर्धपुतळा करताना त्याने राजाला चालता-बोलता न्याहाळून रेखाटने केली. संगमरवर कोरताना मात्र ती बाजूला ठेवली. आपल्याच रेखाटनांची नक्कल त्याला करायची नव्हती. डोळ्यांभोवतीचा काळेपणा पांढऱ्या दगडात दाखवायचा तर प्रत्यक्षात खळगा नसलेल्या जागी खोदावे लागते, असेही तो म्हणे. साम्य साधण्यासाठी मापाशी केलेली ही प्रतारणाच!

अर्थात छायाचित्रे टाकून द्यावीत, असे मी म्हणत नाही. ती दूर सारणारा शिल्पकार सहज ठरावीक भव्यतेच्या साच्याकडे वळतो, आणि मग सारेच थोर पुरुष एकमेकांचे भाऊ दिसू लागतात. चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकांना हा धोका परका नाही. पत्रे, रोजनिशी, आठवणी ही चरित्रकाराची छायाचित्रेच होत. त्यांची नुसती जुळणी केली तर माणूस हरवतो. त्यांना डावलले तर दैवत उभे राहते. साक्षीदाराचे बोलणे नीट ऐकावे, त्याची उलटतपासणी घ्यावी. निवाडा मात्र स्वतःच करावा आणि त्याची जबाबदारीही स्वतःच घ्यावी. शिल्पकाराची आणि चरित्रकाराची खरी कसोटी मला इथेच दिसते.