विद्यावेतन मिळाले, विद्येचे काय?

महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या जुलै महिन्यात मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा तिचे स्वागत सर्वत्र झाले आणि ते योग्यच होते. १८ ते ३५ वयोगटातील तरुणाने शासकीय कार्यालयात वा खासगी आस्थापनेत सहा महिने प्रत्यक्ष काम करीत शिकावे आणि त्या काळात शासनाने त्याला विद्यावेतन द्यावे, असे तिचे स्वरूप होते. बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय अथवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये थेट बँक खात्यात जमा होऊ लागले. पुढे २०२५ मध्ये ही मुदत आणखी पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. केंद्राने २०२४ च्याच ऑक्टोबरमध्ये मोठ्या कंपन्यांतील प्रशिक्षणाची पंतप्रधान इंटर्नशिप योजना प्रायोगिक स्वरूपात आरंभली. म्हणजे शासनाने आपली तिजोरी उघडली, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो या तरुणांना कोणी काय शिकविले, हा.

सोलापुरासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर जागे होणारे हे शहर. त्या गिरण्या बंद पडल्या. चादर आणि टॉवेल यांनी नाव राखले, पण यंत्रमागाच्या खडखडाटात नव्या पिढीचे मन रमत नाही. परिणामी पदवी हाती पडताच पुण्याची गाडी पकडणे, हाच येथील तरुणाचा राजमार्ग झाला आहे. ज्याला घरची जबाबदारी सोडून जाता येत नाही, तो स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत वर्षे घालवितो. विडी कामगाराच्या वा यंत्रमाग कामगाराच्या घरातील पहिल्या पदवीधरास सरकारी कार्यालयाची पायरी चढणेही अवघड वाटते. अशा मुलाला त्याच कार्यालयात अकरा महिने बसावयास मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु त्या अकरा महिन्यांत त्याच्या वाट्याला पुष्कळदा येते काय? झेरॉक्स काढणे, टपाल या टेबलावरून त्या टेबलावर नेणे, संगणकावर माहिती भरणे आणि साहेब नसताना 'उद्या या' असे सांगणे. काही ठिकाणी याच्या नेमके उलट घडते. रिक्त पदाचा सगळा भार प्रशिक्षणार्थ्याच्या खांद्यावर टाकला जातो आणि शिकविणारा कोणी नसतोच. पहिल्या प्रकारात तो शिपाई ठरतो, दुसऱ्या प्रकारात स्वस्तातला लिपिक. प्रशिक्षणार्थी मात्र तो कोठेच नसतो. मुदत संपल्यावर हेच तरुण 'आम्हाला कायम करा' म्हणून राज्यभर आंदोलनास उतरले. योजनेत कायम नोकरीचे वचन नव्हते, हे खरे. पण ज्याच्या हाती नवे कौशल्य पडले नाही, तो मिळालेली खुर्ची घट्ट धरून ठेवणार, यात नवल ते काय? या मागणीवर लाठी वा पोकळ आश्वासन हे उत्तर नव्हे. उत्तर प्रशिक्षणाच्या दर्जात आहे.

आपल्या कायद्याला हे पूर्वीच कळले होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखानदारावर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. मालक स्वतः त्या कामातील जाणकार नसेल, तर विहित पात्रता असलेली व्यक्ती उमेदवाराच्या प्रशिक्षणाची प्रमुख म्हणून नेमली गेली पाहिजे. उमेदवाराच्या कामाची नोंदही ठेवावी लागते. जो दंडक शासनाने कारखान्यांना घालून दिला, तोच त्याच्या कचेऱ्यांनी पाळावयास कोणती अडचण आहे?

आणि सोलापूरकरांना तर यासाठी उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. येथील विद्यापीठाने ज्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण केले आहे, त्यांचे चरित्र हाच या विषयाचा वस्तुपाठ आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. त्यानंतर मल्हाररावांनी आपल्या सुनेला केवळ धीर दिला नाही, कारभार हाती दिला. स्वतः मोहिमांवर असताना तोफखाना, दारूगोळा, रसद यांविषयी पत्रांतून नेमक्या सूचना धाडल्या आणि त्या पार पाडण्याची जबाबदारी अहिल्यादेवींवर टाकली. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मालेरावही गेले. तेव्हा दौलत सांभाळावयास उभी राहिली ती बारा वर्षे प्रत्यक्ष कामात तयार झालेली राज्यकर्ती. काम सोपवावे, चुकल्यास सुधारावे आणि विश्वास टाकावा, ही मार्गदर्शनाची रीत आपल्याला परकी नाही. २०२५ मध्ये अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, त्यानिमित्त उत्सव पुष्कळ झाले. ही रीत आपल्या कार्यालयांत रुजविली, तर त्या उत्सवांना अर्थ येईल.

त्यासाठी फार मोठा खर्च नको. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यामागे एका अधिकाऱ्याचे वा अनुभवी कर्मचाऱ्याचे नाव लिहिलेले असावे. पहिल्याच दिवशी शिकवावयाच्या कामांची यादी त्याच्या हाती पडावी. तलाठी कार्यालयातील तरुणाला फेरफाराची नोंद अर्जापासून सातबाऱ्यापर्यंत कशी जाते ते कळावे. ग्रामपंचायतीतल्याला अंदाजपत्रक वाचता यावे. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातल्याने उजनीचे पाणी शहरात कसे येते आणि कोठे वाया जाते, ते हिंडून पाहावे. महिन्यातून एकदा त्याने स्वतः लिहिलेली टिपणी मार्गदर्शकाने तपासावी. आणि शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रात नुसती हजेरी नसावी, त्याला काय येते तेही लिहिलेले असावे. असा तरुण उद्या सरकारी नोकरीत गेला नाही, तरी सहकारी संस्था, सनदी लेखापालाचे कार्यालय वा टॉवेलची निर्यात करणारा कारखाना त्याला आनंदाने घेईल.

हे सारे शासनावर सोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. निवृत्त तहसीलदार, अभियंते, बँक अधिकारी, शिक्षक सोलापूरच्या प्रत्येक वसाहतीत आहेत. तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव सकाळच्या फेरफटक्यात आणि वृत्तपत्रावरील चर्चेत विरून जातो. त्यांच्यापैकी प्रत्येकाने वर्षाला एका तरुणाचे पालकत्व घ्यावे. आठवड्यातून एक तास त्याच्याशी बोलावे, त्याचे अर्ज वाचावेत, कार्यालयात नाउमेद झाला तर सावरावे. सामाजिक कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील अशा मुलामुलींची यादी करून त्यांची या अनुभवी मंडळींशी गाठ घालून द्यावी. मुलींकडे विशेष लक्ष द्यावे, कारण घरापासून जवळचे कार्यालय हीच त्यांच्यापैकी अनेकींना मिळणारी पहिली आणि कधी कधी शेवटचीही संधी असते.

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात याच नगरीत लोकांना सोबत घेऊन तलाव खोदला. तो आजही शहराच्या मध्यभागी आहे. हातांना काम देताना त्या हातांना घडविण्याची ती परंपरा आपली आहे. शासन विद्यावेतन देईल. विद्या देण्याचे काम ज्यांच्यापाशी ती आहे, त्यांनाच करावे लागेल.