उघड्या फ्लॅशची बाजू

फॅशन छायाचित्रणात एक पूर्वपक्ष जुना आहे आणि प्रतिष्ठितही. तो असा: उजेड हा छायाचित्राचा प्राण, तो घडवावा लागतो, आणि सॉफ्टबॉक्स, छत्र्या, रिफ्लेक्टर, दोनचार सहायक यांच्यावाचून तो घडत नाही. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश थेट तोंडावर उडवणं हे लग्नाच्या हॉलमधल्या घाईचं काम. चेहरा पांढराफटक, नाकावर चमक, डोळे लाल आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. असा फोटो घरच्या अल्बमात खपेल, मासिकाच्या पानावर नाही. त्यातून कॅमेराही खिशात मावणारा असेल, तर मग बोलायलाच नको!

हा पक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे देखण्या चेहऱ्याची कल्पना घडवण्यात गौतम राजाध्यक्षांच्या छायाचित्रांचा मोठा वाटा आहे. त्यांची ‘फेसेस’ आणि ‘चेहरे’ ही पुस्तकं चाळत वाढलेल्या नजरेला उघडा फ्लॅश उद्धट वाटला, तर त्यात नवल नाही. पण आवड म्हणजे युक्तिवाद नव्हे. आवडीमागचे आक्षेप सुटे करून तपासले की त्यांतले बरेचसे टिकत नाहीत.

पहिला आक्षेप: हा उजेड घडवलेला नसतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई उरतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. मॉडेल दीड मीटरवर आणि भिंत साडेचार मीटरवर असेल, तर भिंतीवर मॉडेलच्या नवव्या हिश्श्याइतकाच उजेड पोचतो. पार्श्वभूमी अंधारात बुडते आणि माणूस तिच्यातून कापून काढल्यासारखा पुढे येतो. त्याच मॉडेलला भिंतीला टेकवून उभं करा, काठ धारदार असलेली सावली तिला चिकटते आणि चित्राचा भाग होते. कॅमेरा आडवा धरला तर सावली खाली सरकते, उभा धरला तर बाजूला. शटर मंद ठेवलं की खोलीतला पिवळा दिवाही चित्रात शिरतो, वेगवान ठेवलं की तो बाहेर राहतो. लाल डोळे येतात ते फ्लॅश भिंगाला खेटून असल्यामुळे. तो थोडा उंच असला किंवा मॉडेलने नजर जराशी वळवली की ते टळतात. म्हणजे इथेही उजेड घडवलाच जातो. फरक इतकाच की तो स्टँड हलवून नव्हे, स्वतःचे पाय हलवून घडवावा लागतो.

दुसरा आक्षेप: थेट फ्लॅश कपड्यांचा आणि त्वचेचा घात करतो. हा अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भाग मान्य करायलाच हवा. खादीचा पोत, लोकरीची वीण, हातमागाचा खडबडीतपणा हे सगळं तिरप्या उजेडातच उठून दिसतं. समोरून आलेला उजेड धाग्यांच्या बारीक सावल्या पुसून टाकतो. काळं मखमल तर तो गिळूनच टाकतं. पण साटन, टिकल्या, पॉलिश केलेलं चामडं, नायलॉन, पैठणीच्या काठावरची जर यांना असा भडक उजेडच बोलतं करतो. मऊ उजेडात ज्या कापडाची चमक पसरट होते, ते इथे लखकन उठतं आणि रंग गडद होतात. त्वचेबद्दलचा समज तर बराचसा उलटा आहे. सुरकुत्या आणि रंध्रं खुलवतो तो बाजूने येणारा कठोर उजेड. समोरचा फ्लॅश त्यांच्या सावल्या त्यांच्याच मागे लपवतो. उरते ती तेलकट चमक, आणि तिच्यावर पावडरचा एक हात पुरतो. तेव्हा तक्रार फ्लॅशची नसून कोणत्या कपड्याला कोणता उजेड, हे न पाहणाऱ्याची आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत लोकप्रिय: साध्या कॅमेऱ्याने काय, कोणीही काढेल. आधी ‘साधा’ म्हणजे काय ते पाहू. ज्या याशिका टी४ ला फॅशनच्या जगात एवढं नाव मिळालं, त्यात कार्ल झाइसचं टेसर भिंग होतं, आणि टेसरची मूळ रचना १९०२ सालची. १९९० मध्ये आलेल्या काँटॅक्स टी२ ला टायटॅनियमचं अंग आणि झाइसचंच सोनार भिंग होतं. साधेपणा बटणांच्या संख्येत होता, काचेत नव्हता. आणि ‘कोणीही’बद्दल म्हणायचं तर युर्गन टेलरकडे पाहावं. या जर्मन छायाचित्रकाराने वर्षानुवर्षं काँटॅक्स जी२ आणि त्यावरच्या छोट्या फ्लॅशने काम केलं. २००३ मध्ये त्याला सिटीबँक फोटोग्राफी प्राइज मिळालं. २००८ च्या मार्क जेकब्सच्या जाहिरातीत त्याने व्हिक्टोरिया बेकहॅमला एका प्रचंड खरेदीच्या पिशवीत घातलं. बाहेर दिसतात ते फक्त तिचे पाय. प्रसिद्ध बाईच विकायचा माल झाली आहे, हे तिच्याच संमतीने आणि त्याच मालाच्या जाहिरातीत सांगायचं, ही कल्पना कोणत्याही छत्रीतून निघत नाही. २०२१ मध्ये ‘डब्ल्यू’ मासिकासाठी त्याने लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नामांकित नटनट्यांना उभं केलं, तेव्हा समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टिंगल झाली. ती चित्रं आवडावीत असा आग्रह नाही. पण साथसंगत काढून घेतली की गाणाऱ्याचा कच्चा सूर लगेच उघडा पडतो, तसंच इथे होतं. माणसाची निवड, जागा, अंतर आणि क्षण यांखेरीज हाती काही उरत नाही. म्हणून तर या शैलीच्या नकला पहिल्या नजरेत ओळखू येतात.

चौथा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण तो मुळाशी आहे: हे हत्यार बाहेरचं आहे, फॅशनच्या कुळातलं नाही. पण या कुळाची संपत्तीच उसनवारीची आहे. मार्टिन मुंकाची हा मूळचा खेळांचे फोटो काढणारा माणूस. १९३३ मध्ये ‘हार्पर्स बझार’साठी त्याने समुद्रकिनाऱ्यावर धावणारी मॉडेल टिपली आणि फॅशनच्या चित्रात पळणं आलं. भिंगाभोवती कडं करणारा रिंग फ्लॅश लेस्टर डाइन यांनी १९५२ मध्ये दातांचे फोटो काढण्यासाठी बनवला. पुढे तोच मासिकांच्या मुखपृष्ठांवर पोचला. हेल्मुट न्यूटनने १९७० मध्ये रोममध्ये खरेखुरे पापाराझी बोलावले, त्यांना आपल्या मॉडेलभोवती नाचवलं आणि त्या गोंधळाचीच फॅशनकथा केली. प्रसिद्धी आणि पाठलाग यांचं नातं मऊ उजेडात सांगता आलं नसतं.

इथवर विरोधकांचं खंडन झालं. आता समर्थकांचंही व्हायला हवं, कारण या शैलीचं अधिक नुकसान त्यांनी केलं आहे. त्यांचा दावा असा की थेट फ्लॅश म्हणजे सत्य: नटवेपणा नाही, माणूस जसा आहे तसा. हे साफ खोटं आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा हा लखलखाट कोणत्याही डोळ्याने कधी स्थिर पाहिलेला नसतो. तोही तितकाच बनावट उजेड आहे; फक्त तो आपलं बनावटपण लपवत नाही. कपडे स्टायलिस्टने चढवलेले, मॉडेल मोबदला घेऊन आलेली, जागा ठरवलेली. असं असताना ‘सहज टिपलं’ म्हणणं ही शुद्ध जाहिरात झाली.

या सहजतेच्या आडून गंभीर प्रश्नही झाकले गेले. टेरी रिचर्डसन या फॅशन छायाचित्रकाराची ओळखच छोटा कॅमेरा आणि उघडा फ्लॅश ही होती. त्याच्या शूटला घरगुती मौजेचं वातावरण असतं, हे कौतुकाने सांगितलं जाई. अनेक मॉडेल्सनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. त्याने ते नाकारले. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये काँडे नास्ट इंटरनॅशनल या मासिकांच्या प्रकाशनसंस्थेने त्याच्याशी काम थांबवलं. दोष फ्लॅशचा नव्हे हे उघड आहे. पण कॅमेरा खेळण्यासारखा दिसतो म्हणून कॅमेऱ्यामागच्या माणसाची सत्ता कमी होत नाही. जिथे साहित्य कमी आणि माणसंही कमी, तिथे संमती, सोबत आणि करार यांची शिस्त जास्तच हवी.

मग या शैलीचं खरं मंडन कशावर उभं राहतं? तीन गोष्टींवर. ती अंतर कमी करते: छोटा फ्लॅश लांब पोचत नाही, म्हणून छायाचित्रकाराला माणसाजवळ जावंच लागतं. ती वेग देते: दिवे मांडण्यात अर्धा दिवस जात नाही, तो वेळ माणसाकडे पाहण्यात जातो. आणि ती प्रेक्षकाला विसरू देत नाही की इथे कोणीतरी कॅमेरा रोखून उभं आहे. जो धंदा स्वप्नं विकतो, त्यात ही शेवटची गोष्ट दुर्मीळ आहे. सॉफ्टबॉक्स हे काम करत नाही. त्याचं काम वेगळं आहे आणि ते त्याने करत राहावं.

तेव्हा छायाचित्रण शिकवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. थेट फ्लॅश ‘टाळायच्या चुकां’च्या यादीतून काढा आणि उजेडाच्या प्रकारांत घाला. अंतर, सावली, कापड आणि शटर यांचा हिशोब विद्यार्थ्यांकडून याच उजेडात करून घ्या, आणि मॉडेलशी कसं वागायचं हेही त्याच तासाला शिकवा.