कंपनी आपली, मग पानावर आपणच का नाही?



हळदीचे पोते बाजार समितीच्या आवारात उतरते तेव्हा त्याला शेतकऱ्याचे नाव असते. हिशोबपट्टी त्याच्या नावाने होते, हमाली-तोलाई कापली जाते तीही त्याच्याच नावाने. सौदा तुटला की हे नाव पुसले जाते. पुढे पोत्यावर मार्का व्यापाऱ्याचा आणि पुडीवर छाप कारखानदाराचा. माल चांगला पिकवणारा आणि कसाबसा पिकवणारा दोघे एकाच ढिगात जातात. बिननावाच्या मालाला ढिगाचा भाव मिळतो.

हे बदलायचे म्हणून तर आपण शेतकरी उत्पादक कंपन्या काढल्या. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि किमान १० उत्पादकांना एकत्र येऊन स्वतःची कंपनी नोंदवता येऊ लागली. २०२० मध्ये केंद्राने १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना आणली आणि कंपन्यांचे पीक आले. आता अनेकींच्या वेबसाइटही आहेत आणि तिच्यावर 'आमच्याविषयी' असे एक पान असते. बाजारात पुसले गेलेले नाव परत लिहिण्याची ती जागा आहे. आम्ही अशी बरीच पाने वाचली. तेथे काय दिसते?

अध्यक्षांचा हार घातलेला फोटो. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांचा फोटो. मग 'शेतकऱ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध' असे एक वाक्य. कंपनीचे नाव झाकले तर हे पान कोणत्या जिल्ह्यातले, कोणत्या पिकाचे, हे सांगता येणार नाही. सल्लागाराने एकच मजकूर दहा कंपन्यांना विकलेला असतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

इंदूरचा किंवा चेन्नईचा मसाला कारखानदार फोन उचलण्याआधी हे पान उघडतो. त्याला पुढाऱ्याशी कर्तव्य नाही. त्याचे प्रश्न सरळ आहेत. माल कोणत्या गावांचा? सभासद किती, हळदीखाली क्षेत्र किती? वाण सेलम की राजापुरी? कर्क्युमिन किती टक्के, ओलावा किती, पॉलिश केलेली की बिनपॉलिश? माल कोणत्या महिन्यात निघतो आणि एका वेळी किती क्विंटल देता येईल? तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली, कोणत्या तारखेला? गोदाम कोठे? आणि माल नापसंत पडला तर उत्तर कोण देणार? एवढी उत्तरे ज्या पानावर आहेत ते पान चांगले. बाकी सजावट नसली तरी चालेल.

यातले काही तर कायद्यानेच सांगितले आहे. कंपनी स्थापना नियम २०१४ मधील नियम २६ प्रमाणे वेबसाइट असलेल्या प्रत्येक कंपनीने पहिल्याच पानावर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन हा २१ अक्षरांकांचा नोंदणी क्रमांक, दूरध्वनी, ईमेल आणि तक्रारीसाठी भेटायच्या व्यक्तीचे नाव द्यायचे असते. खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांकही तेथे असावा. अनोळखी कंपनी खरी की कागदावरची, हे खरेदीदार आणि बँकेचा अधिकारी या क्रमांकांवरूनच पडताळतो.

जे नाही ते मात्र लिहू नये. 'सेंद्रिय' लिहायचे तर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मुदत द्यावी. प्रमाणपत्र नसेल तर तो शब्द गाळावा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून सांगलीतल्या कोणत्याही कंपनीने ते चिन्ह छापावे असे नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करावी लागते. सभासदांची नावे अभिमानाने द्यावीत, पण त्यांना विचारून. त्यांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि सातबारे यांना त्या पानावर जागा नाही.

काही संचालक म्हणतात, खरा आकडा लिहिला तर कंपनी लहान दिसेल, गिऱ्हाईक बिचकेल. आमचे मत उलटे आहे. ४०० क्विंटल देऊ असे लिहून ९० दिले तर ते गिऱ्हाईक पुन्हा दारात येत नाही आणि शेजारच्या कंपनीच्या दारातही जात नाही. ९० लिहून ९० वेळेवर दिले तर पुढच्या हंगामात तोच १५० मागतो. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. ही पाने बहुधा फक्त इंग्रजीत असतात. दूरच्या गिऱ्हाईकासाठी इंग्रजी हवेच, पण आधी मराठी हवे. शेअरचे पैसे भरलेल्या बाईला आपली कंपनी जगाला काय सांगते हे वाचता येत नसेल, तर त्यातले खोटे पकडणार कोण? उत्पादक कंपनीत व्यक्ती सभासदाला शेअर कितीही असोत, मत एकच असते. मग कंपनीची ओळख काय सांगावी हे एकटा सल्लागार कसा ठरवतो?

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक कंपनीने हे पान मराठीत कागदावर उतरवावे आणि सभासदांच्या सभेत मोठ्याने वाचावे. ज्या वाक्यावर सभासद हसतील ते काढावे. जो आकडा कोणी खोडून काढील तो दुरुस्त करावा. मग सभेने मंजूर केलेला मजकूर इंग्रजीत न्यावा, खाली तारीख टाकावी आणि दर हंगामानंतर पुन्हा वाचावा. याला अनुदान लागत नाही, मंजुरीसाठी मुंबईला जावे लागत नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक कंपनीने आपले पान छापून आणावे. तेथे एकमेकांची पाने तपासू.