‘येते’ म्हणताना

घरातून निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावे, असा आपल्याकडे दंडक आहे. लहानपणी माझ्या तोंडून चुकून ‘जाते’ निघाले की आजी उंबऱ्यातच अडवायची आणि शब्द बदलून घ्यायची. येत्या जूनमध्ये मी वाडी सोडून पुण्याला जाणार आहे. तो शब्द कोणत्या तोंडाने उच्चारावा, हा प्रश्न मला सध्या परीक्षेहूनही अवघड वाटतो.

बी.ए.चे तिसरे वर्ष यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुरे करायचे आणि पुण्यात राहून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करायचा, असा बेत आहे. काही प्राध्यापकांना तो पसंत नाही. पुस्तके तीच, अभ्यासक्रम तोच, मग नागपूर काय वाईट, असे ते विचारतात. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. ‘पुण्याशिवाय काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचा तर मला रागच येतो. पण माझे कारण निराळे आहे. घरी मी आधी मुलगी आहे, मग विद्यार्थिनी. पाणी आले, पाहुणे आले, धाकट्याला ताप आला, की पुस्तक मिटते. आईने कधी ‘मीट’ म्हटलेले नाही. ते आपोआप मिटते. पुण्याच्या खोलीत पाणी येईल ते माझ्यापुरते. एवढ्यासाठी सातशे किलोमीटरांवर जायचे का? माझ्या मते, होय.

वाडी नागपुरात की नागपूरबाहेर, हा आमच्याकडे कायमचा विनोद. पालिका आमची वेगळी, पण बाहेरगावी कोणी विचारले की आम्ही बेलाशक ‘नागपूरचे’ म्हणून सांगतो. अमरावती रोड, खडगाव रोड, ट्रान्सपोर्टची गोदामे, धर्मकाटे, पंक्चरची दुकाने, आणि पलीकडे आयुध निर्माणीची शिस्तीतली वसाहत. शहरातल्या लोकांना वाडी म्हटले की धूळ आणि ट्रक आठवतात. मला आठवते ते रात्री ताडपत्री आवळताना होणारे दोरखंडाचे करकरणे. माझे बाबा गोदामात हमाल आहेत. विदर्भाबाहेर ते फारसे गेले नाहीत, पण गाठोड्यावरच्या खुणेवरून माल सुरतचा की इंदूरचा, हे ते सांगतात. अक्षरे त्यांना नीटशी लागत नाहीत. पुण्याचा मालही त्यांच्या पाठीवरून उतरला आहे. माल पाठवायची पाळी मात्र आता पहिल्यांदाच आली.

नागपूरला निरोप नवे नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि हे शहर राजधानी उरले नाही. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. कचेऱ्यांमागोमाग माणसेही गेली, कोणी भोपाळला, कोणी मुंबईला. त्यांना कोणी गद्दार म्हटले नाही, कारण ती सरकारी बदली होती. आज मुले स्वतःहून जातात, तेव्हा मात्र आपण एक तर त्यांचे हार घालून कौतुक करतो, नाही तर नावे ठेवतो. मला दोन्ही पटत नाही. पोटासाठी, शिक्षणासाठी गाव सोडणे हा पराक्रमही नाही आणि पापही नाही.

पण मुलीचे जाणे आले की सगळ्यांची पंचाईत होते. मुलीला निरोप द्यायची एकच रीत आपल्याला ठाऊक, ती म्हणजे पाठवणी. आमच्या ओळीतून लग्नाशिवाय घर सोडणारी मी पहिलीच. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘पोरगी पुण्याले चालली, आता रडाव का हसाव?’ आणि मग हसता हसता त्यांनीच डोळ्यांना पदर लावला. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तला मुंबईला गेलेला सुधीर आणि घरी राहिलेला भास्कर, या दोघांविषयी पुष्कळ बोलले जाते. वाचताना मी अडखळले ती प्रभापाशी, शिकायची इच्छा असून जिला शिकू दिले नाही तिच्यापाशी. सुधीर कसा गेला हे आपण विचारतो. प्रभा गेली असती तर काय झाले असते, हे फारसे कोणी विचारत नाही. मी काही प्रभाएवढी हुशार नसेन. पण मला कोणी अडवले नाही, हे मी विसरू नये.

मला भीती आहे ती दुसरीच. आमच्याच ओळीतला एक दादा आठ वर्षांपूर्वी पुण्याला गेला. दिवाळीला येतो तो दोन दिवस. ‘इथे काय ठेवलंय?’ हे त्याचे पालुपद. हे वाक्य त्याची आई चहा गाळता गाळता ऐकते. तिला ठेवले आहे इथे, एवढे तरी त्याला दिसू नये? गाव सोडण्याला माझी हरकत नाही, या वाक्याला आहे. उद्या माझ्याही तोंडी ते येणार नाही, याची खात्री मी तरी कशी देऊ?

बाबांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे. ती फिटेपर्यंत त्यांची पाठ मोकळी होणार नाही. परवा त्यांनी मला एक कोरा कागद आणून दिला आणि म्हणाले, ‘याच्यावर पत्ता लिही, अन् परत कधी येशील ते लिही. बिल्टी हरवली का मालाले धनी नाई रायत.’

पत्ता लिहिला आहे. तारखेची जागा अजून रिकामी आहे.