टेकाडे भावजी नुसते निवेदक नव्हते

मंडळी, बाळ कुडतरकरांचं नाव निघालं की आपल्यातले ज्येष्ठ म्हणतात, "काय आवाज होता हो!" आणि विषय तिथंच संपतो. २०१७ साली ते गेले, चांगली नव्वदी ओलांडून. तेव्हाही बोलणं आवाजाचंच. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. तो माणूस विनोदी नट होता आणि आपण त्याला नट म्हणून कधी मोजलंच नाही.

मुंबई आकाशवाणीवरचं 'पुन्हा प्रपंच' आठवतंय ना? पंत म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू (पुढे यशवंत देवांच्या पत्नी करुणा देव) आणि टेकाडे भावजी म्हणजे कुडतरकर. माणसं तीन, पण माझ्या मते खरी जोडी भावजी आणि वहिनींचीच. पंतांना राग येऊ नये, घर त्यांचंच होतं! पण हशा पिकायचा तो या दोघांच्या बोलण्यात. भावजींनी काही ठोकून द्यायचं आणि वहिनींनी अर्धा क्षण गप्प राहायचं. त्या गप्प राहण्यातच आपण हसायचो. रंगमंचावर नट भुवई उडवतो, डोकं खाजवतो. इथं समोर फक्त मायक्रोफोन, हातात संहितेचे कागद, आणि तेही वाजता कामा नयेत. ऐकणाऱ्याला मात्र वाटायला हवं की भावजी आत्ताच चप्पल काढून आत आले. हे 'आवाज चांगला' असल्यामुळं होत नाही. समोरच्याचं ऐकता यावं लागतं. तो गुण नीलमताईंत भावजींइतकाच होता, म्हणून एकट्या भावजींचं कौतुक मला अर्धवट वाटतं.

आता हैदराबादच्या लोकांना मुंबईच्या रेडिओचं एवढं काय, असं नवीन पिढी विचारेल. बाळांनो, रेडिओ आपल्या आबिड्सला नवा नव्हता. इथंच चिराग अली गल्लीत १९३० च्या दशकात महबूब अलींनी केंद्र सुरू केलं. १९३५ त ते निजाम सरकारकडे गेलं आणि १९५० त आकाशवाणीकडे. आमच्या लहानपणी रेडिओच्या लायसन्सचे पैसे पोस्टात भरावे लागत, बाबा ते आबिड्सच्या मोठ्या पोस्टात भरून यायचे. घरात उर्दू नाटकं ऐकली, तेलुगू बातम्या ऐकल्या. मुंबई केंद्र रात्री लागलं तर लागायचं, तेही खरखरत, मध्येच दुसरं कुठलं तरी स्टेशन घुसायचं. भावजी नीट ऐकले ते मे महिन्यात, नामपल्लीहून गाडी पकडून गिरगावात मावशीकडे गेल्यावर.

आणि आम्हा मुलांना ते का हवे होते, तेही सांगते. आबिड्समध्ये शेजारचे सगळे भाई, बाजी, अन्ना, अक्का. आमच्या मराठीत 'नक्को' आणि 'हौ' शिरलेलं, त्यावरून मावसभावंडं चिडवायची. शाळेच्या पुस्तकातली मराठी जड, कीर्तनातली आणखी जड. घरात दीर, वहिनी, शेजारी एकमेकांशी थट्टामस्करी कशी करतात, कुठं थांबतात, कुणाला अहो आणि कुणाला अगं, ही मराठी मला या दोघांनी दिली. 'भावजी' ही हाक आमच्या घरात त्यानंतरच रुळली. आईनं शेजारच्या तेलुगू काकांनाही भावजी करून टाकलं, आणि गंमत म्हणजे तेलुगूत 'बावगारू' असल्यामुळं त्यांना ते अजिबात परकं वाटलं नाही.

पुलंचं भाग्य असं की त्यांची पुस्तकं आहेत, कॅसेटी आहेत. चि. विं.चा चिमणराव तर आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथवर मला दहा रुपयांत मिळाला. श्रुतिकेचं तसं नाही. हवेत गेली की गेली. आज शोधायला बसलं तर 'पुन्हा प्रपंच'चं फार थोडं हाती लागतं. उद्या नातवंडांना 'ते किती भारी होते' सांगून काय उपयोग? विनोद सांगून कळत नाही, ऐकावाच लागतो.

म्हणून एक काम करा. ज्यांच्या घरी तेव्हा टेपरेकॉर्डर होता त्यांनी माळ्यावरचे डबे खाली काढा. कॅसेटवर लता किंवा भीमसेन लिहिलं असलं तरी दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐका, लोक रेडिओवरचं काय काय त्यात भरून ठेवायचे. बुरशी दिसली तर मात्र लगेच मशीनमध्ये घालू नका, फीत अडकून तुटते. आधी जाणकाराला दाखवा. आणि काही सापडलंच तर एक प्रत स्वतःकडे ठेवून दुसरी आपल्या मंडळाला द्या. पंतांचं बोलणं जास्त निघालं तरी चालेल.